सामाईक बावीवरचा पंप

माझा डावा कान आता कामातून गेला. बायको त्या बाजूनं काही विचारते, मी "हो हो" म्हणतो, आणि संध्याकाळी कळतं की आपण कुणाच्या तरी बारशाला जायचं कबूल करून बसलोय. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय उजव्या कानाचंही तेवढंच आहे की, तो ठणठणीत आहे! डाव्याला मी तीस वर्षं स्क्रू ड्रायव्हर लावत आलो, त्याचं हे फळ.

लोकांना वाटतं, पंपाचा मेस्त्री म्हणजे पान्याचं काम. पाना सगळ्यात शेवटी लागतो. आधी ऐकायचं. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाच्या अंगावर टेकायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. मग आतलं सगळं ऐकू येतं. पंप नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर लाइट कमी दाबानं येतेय किंवा त्याचा कपॅसिटर गेलाय. घरघर करत असेल तर बेअरिंग. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं बेअरिंग लवकर जातं, त्याला कोणाचा इलाज नाही. पोटात खडी भरल्यासारखा खडखडत असेल तर गिऱ्हाईक हमखास सांगतं, "मेस्त्री, आत दगड गेलाय." दगड गेलेला नसतो. पाणी ओढणाऱ्या नळीला कुठंतरी सुईएवढं भोक असतं, तिथून पाण्याबरोबर हवा आत जाते आणि ती हवा आत फुटत राहते. ते भोक डोळ्यांना दिसत नाही. नळीच्या एकेका सांध्यावर तांब्यातून पाणी ओतत जायचं. ज्या सांध्यावर पाणी पडल्यावर खडखड क्षणभर थांबते, तो चोर.

एकदा रत्नागिरीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी मला महिन्यात तीनदा बोलावलं. पंप लावला की घरभर थरथर आवाज व्हायचा. दोनदा मी पंप पूर्ण उघडला, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं चहाला आत बोलावलं म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर आवाज तिथंच! पाण्याची नळी भिंतीतून येऊन एका फळीला टेकून गेलेली, आणि फळीवर पितळी पातेल्यांची उतरंड. नळी थरथरली की पातेली एकमेकांवर वाजायची. मी सगळ्यात वरचं पातेलं उचललं, आवाज बंद. मास्तरांनी स्वतः ते पातेलं चार वेळा ठेवून आणि चार वेळा उचलून खात्री करून घेतली, आणि मग मलाच म्हणाले की हे आधी सांगायला काय झालं होतं. शिक्षक तो शिक्षकच.

हे सगळं फुशारकीचं झालं. पण माझ्या हातून एक असं काम झालंय की जे मी अगदी चोख केलं आणि ते करायला नको होतं. ते आज सांगून टाकतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. पावसच्या अलीकडच्या एका वाडीतून सुमनवहिनी एसटीनं माझ्या दुकानात आल्या. वय तिशीचं, बोलणं थोडं आणि सरळ. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, ज्यांना त्या आये म्हणत. आये अंगणात घसरून पडल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं आणि दोन महिने अंथरुणावर होत्या. त्यांच्या खाटेमागच्या भिंतीला लागूनच पंप. रोज दुपारी तो लावला की आयेंच्या डोक्यात घण पडायचे, आणि लावल्यावाचून तर गत्यंतर नाही, कारण परसात हापूसची तीनशे कलमं.

ही कलमं म्हणजे सुमनवहिनींचं सगळं काही होतं. मागल्या पावसात त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली, पिशव्यांत वाढवलेली. मृगाला गिऱ्हाईक येईपर्यंत ती जगवायची. नवऱ्यानं पत्रात लिहिलं होतं की ही कलमं नीट गेली, तर हा धंदा घर चालवील असं समजेन आणि बोट सोडून घरी येईन. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं नाही. पहिल्या भेटीत एवढंच म्हणाल्या की आवाज गेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गेलो. दोन घरं शेजारी शेजारी, मधल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बाव. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा घरं वेगळी झाली, माडा-पोफळींचं आगर वेगळं झालं, बाव तेवढी सामाईक राहिली. ते दोन्ही भाऊ वारले होते. पलीकडच्या घरात थोरल्या भावाची बायको, जिला सगळे थोरली काकी म्हणत. अलीकडच्या घरात धाकट्याची बायको, म्हणजे आये. दोघी जावा. काकी आपल्या माडा-पोफळींना अजून रहाटानंच पाणी काढायची: बैल फिरतोय, माळेवरचे लोटे भरून वर येतायत. सकाळी रहाटाची पाळी, मधे बाव भरायला वेळ, दुपारी दोन तास पंपाची पाळी. नियम इतका सोपा की कुठं लिहून ठेवलेला नव्हता.

मी गेलो तेव्हा काकी घरी नव्हती, लांज्याला भाचीच्या लग्नाला गेली होती. तिचा गडी भिकू, चांगला पन्नाशीचा माणूस, बैल हाकत होता. आणि तो रहाट असा कुरकुरत होता की कानात कुणी काडी घालून फिरवतंय.

मी पंप ऐकला. एक नव्हे, तीन दुखणी होती. बेअरिंग गेलं होतं. ओढणाऱ्या नळीच्या दुसऱ्या सांध्यातून हवा जात होती. आणि कुणीतरी पंपाचे बोल्ट थेट जांभ्या दगडाच्या ओट्यात ठोकले होते, त्यामुळे पंप हादरला की ओटा हादरायचा आणि ओट्याबरोबर आयेंची खाट. सकाळपासून खपलो. बेअरिंग नवं घातलं, सांधा सुताडा, म्हणजे तागाचा दोरा, लावून परत आवळला, पंपाखाली ट्रकच्या जुन्या टायरची जाड पट्टी घातली. दुपारी बटण दाबलं आणि आत आयेंना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "अजून लावला नायस?" पंप चालू होता. उभ्या जन्मात मला याहून मोठी शाबासकी मिळालेली नाही.

त्या शाबासकीनं डोकं फिरलं. हात वंगणानं माखलेले, डब्यात आणखी वंगण शिल्लक, आणि समोर, पंप उघडा पडल्यानं त्या दिवशी दुपारपर्यंत चाललेला, तो रहाट रडतोय. मेस्त्रीला कोरडा आस बघवत नाही. मी भिकूला म्हटलं, बैल थांबव, दोन मिनिटांचं काम आहे. तो डोकं खाजवत म्हणाला, काकीस विचारलं पाहिजे. मी हसलो. तेल घालायला कुणाला विचारायचं असतं का? पैसे नकोत, काही नकोत, म्हटलं फुकटात पुण्य. रहाटाचा आस पुसून, दोन्ही टोकांना भरपूर वंगण चोपडून मी तोही गप्प केला आणि शेवटच्या एसटीनं शीळ घालत घरी आलो.

आठ-नऊ दिवसांनी सुमनवहिनी परत दुकानात. या वेळी बसल्या नाहीत. पदराची गाठ सोडून त्यांनी एक वाळकं पान माझ्या टेबलावर ठेवलं. कलमाचं पान होतं, कडेनं करपलेलं.

"मेस्त्री, काय करून ठेवलंत तुमी?"

मग सगळं कळलं. काकी लग्नाहून आली ती घरात पाऊल टाकायच्या आधी थबकली, कारण रहाट फिरत होता आणि ऐकू येत नव्हता. दुपारी पंप लागला तोही ऐकू आला नाही. तिला वाटलं, आपण गावाला गेलो ते साधून धाकटीच्या सुनेनं मेस्त्री आणून हे मुद्दाम करून घेतलं. एकदा पंप गप्प झाला की मग पाळी कसली, वाटेल तेव्हा लावा! आणि लोकांना आपलं पाप दिसू नये म्हणून आमच्याही रहाटाला तेल! त्यात बावीचं पाणी खरंच खाली गेलं. दोन दिवस तिनं बघितलं, तिसऱ्या दिवशी भिकूकरवी पंपाची नळी बावीतून वर ओढली आणि माडाला बांधून ठेवली. सुमनवहिनी हंड्यांनी पाणी घालत होत्या, पण तीनशे पिशव्या आणि दोन हात. शिवाय रोज काकी गडग्याजवळ येऊन सकाळीच सांगून जायची की हंडे मोजून घे. आये खाटेवरून जावेला निरोप धाडत होत्या. काकीनं त्या घरात पाय ठेवणं सोडलं होतं. आधी ती रोज संध्याकाळी जावेपाशी येऊन बसायची, पाठीला तेल चोळायची. तेही बंद झालं.

बोटीचं, पत्राचं, नवऱ्याच्या शब्दाचं त्यांनी मला तेव्हा सांगितलं. सांगताना रडल्या नाहीत. 

मी तडक त्यांच्याबरोबर निघालो. काकी ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. सत्तरीची, सडसडीत, कपाळावर आठी. मी आपली चूक सांगितली, रहाटाला वंगण मी आपणहून घातलं, वहिनींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं असं शपथेवर सांगितलं. तिनं सुपारी खाली ठेवली.

"आमच्या मामंजींनी सांगून ठेवलंनीत, सामाईक बावीच्या रहाटाला तेल घालायचं नाय. कुरकुरला तरी चालेल. ऐकू येतंय तवर भांडण नाय."

 तीस वर्षं दोन घरं एका बावीवर भांडली नव्हती ती का, ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं. कोणी कोणावर पहारा ठेवत नव्हतं, गडग्यावर येऊन कोणी डोकावत नव्हतं. चुलीपाशी बसून, भात परतता परतता कानावर पडायचं की पाळी सुरू झाली, पाळी संपली. तेवढ्यावर विश्वास चालायचा. पंप आला तेव्हा तो सुदैवानं बोंबलणारा होता म्हणून नियम मोडला नाही. तो मोडला मी, माझ्या कसबानं.

आणखी एक गोष्ट तिथंच ध्यानात आली. पाणी खाली गेलं म्हणते ती काकी खोटं बोलत नव्हती. आधी तो पंप निम्मं पाणी नि निम्मी हवा ओढत होता. मी सांधा बंद केला, आता तोच पंप त्याच दोन तासांत भरपूर पाणी उपसत होता. सुमनवहिनींनी पाळी एका मिनिटानंही वाढवली नव्हती, तरी काकीच्या वाट्याचं पाणी जात होतं. दोघीही खऱ्या होत्या. हे मी दोघींना समजावून सांगितलं, आणि पंपाची पाळी दोन तासांवरून सव्वा तासावर आणू असं सुचवलं. सुमनवहिनी लगेच कबूल झाल्या. काकीनं मान हलवली, पण नळी सोडायला ती तयार होईना. सव्वा तास झाला हे कळणार कसं?

मी म्हटलं, पंप चालू असला की पेटेल असा दिवा बावीवर लावून देतो. ती म्हणाली, दुपारच्या उन्हात दिवा बघत मी दारात बसू काय, मला दुसरी कामं नायत? खरंच होतं. मी म्हटलं, जुनं बेअरिंग परत घालतो. आणि म्हणतानाच जीभ चावली, कारण खराब बेअरिंगवर पंप दोन महिन्यांत आतला फिरणारा दांडा खातो, आणि आये परत खाटेवर तळमळणार. इकडे आवाज हवा, तिकडे नको, आणि मधे एक गडगा. बावीच्या कठड्यावर बसून मी विडी ओढली. मग मला हेडमास्तरांची पितळी पातेली आठवली.

काकीकडून गोडेतेलाचा रिकामा डबा मागून घेतला. कात्रीनं त्याचा वीतभर पत्रा कापला. पंपाची नळी परत बावीत सोडली आणि ती कठड्यावरून जिथं खाली उतरते तिथं, आयेंच्या भिंतीपासून लांब नि काकीच्या चुलीच्या बाजूला, तो पत्रा एका बोल्टानं सैलसर बसवला. पंप लावल्यावर नळीला बारीक थरथर असतेच. पत्रा वाजायला लागला.

मग सुरू झालं ते काम मी आयुष्यात एकदाच केलं. काकी आत चुलीपाशी जाऊन बसली आणि तिथून ओरडून सांगू लागली: येत नाय, अजून सैल कर. मी बोल्ट अर्धा फेरा सोडला. इकडून सुमनवहिनी आयेंच्या खाटेपाशी उभ्या, त्या खिडकीतून हातानं खुणावत, आता इकडे येतोय, जरा आवळा. परत पाव फेरा आवळला. बाजापेटी सुरात लावावी तसा मी तासभर तो पत्रा लावत होतो. अखेर एका जागी दोघींनी होकार दिला. तिथं मी बोल्टाला दुसरी चाकी, म्हणजे नट, घालून तो कायमचा पक्का केला. उरलं रहाटाचं काम. रॉकेल घेऊन मी स्वतःच्या हातानं त्याच्या आसावरचं सगळं वंगण धुऊन काढलं. भिकू बैल धरून उभा होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला अजून आठवतं.

कलमं वाचली, सगळी नाही. परसाच्या उंच कोपऱ्यातली चाळीसेक करपून गेली. मृगाला बाकीची विकली गेली, पण ते काही मनासारखं झालं नाही, आणि नवऱ्यानं ठरवलं की आणखी एक वर्ष बोटीवर काढतो. मला कुणी बोल लावला नाही. पण ते एक वर्ष माझ्या वंगणाच्या डब्यातून गेलं, हे मी जाणून आहे. आणि पाळी सुरळीत झाली तरी काकीचा पाय काही आयेंच्या घरात परत पडला नाही. विश्वास गेला होता, तो पत्र्यानं थोडाच परत येतो!

पुढल्या वर्षी होळी झाल्यावर भिकू दुकानात आला. बैल म्हातारा झाला होता, काकी पंप घेणार होती आणि तिनं मलाच बोलावलं होतं. मला नवल वाटलं, थोडी भीतीही.

नवा पंप बसवला, काकीनं बांधून घेतलेल्या नव्या टाकीला जोडला. गेल्या वर्षीचा धडा असला तरी हात काही वाईट काम करायला तयार होईनात. टायरची पट्टी, सुताड्याचे सांधे, सगळं जिथल्या तिथं. बटण दाबलं आणि पंप पाण्यासारखा गप्प चालला. काकी जवळ येऊन उभी राहिली, डोकं एका बाजूला कलतं करून तिनं ऐकलं आणि विचारलं, "ह्याला पत्रा नाय लावलास?"

मी म्हटलं, काकी, तुमचा पंप तुम्हाला ऐकू आला काय नि न आला काय.

"मला कशाला? त्यांना ऐकायला नको?"

 डबा तिनं आधीच धुऊन ठेवला होता. कापला, नळीवर बसवला, आयेंच्या घराच्या बाजूला तोंड करून. पत्रा वाजू लागला. पण त्या घरात कुठवर पोचतो ते इकडून कसं कळणार? सुमनवहिनींना हाक मारतो म्हणून मी वळलो, तर काकी म्हणाली की नको, मीच जाऊन ऐकते. पुरेसा झाला की दारात येऊन हात वर करते, तवर बंद करू नको.

ती गडगा ओलांडून गेली. परसात एक सावळा, दणकट माणूस पिशव्यांत माती भरत बसला होता. बोटीवरचं ते वर्ष उरकून कायमचा परतलेला सुमनवहिनींचा नवरा. तो उठून उभा राहिला. काकी त्याच्याशी काहीतरी बोलली आणि पुढल्या दारानं आत गेली. वर्षभरानं.

मी पाना हातात घेऊन बोल्टापाशी उभा. दारात कोणी येईना. पाव फेरा सैल केला, तरी नाही. थोडा आवळला, नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकीची नवी टाकी भरत आली, भरली, आणि वरून वाहायला लागली. होळीनंतरचं पाणी असं वाया जाताना काकीनं बघितलं असतं तर मला जिवंत सोडलं नसतं. पाणी पोफळींच्या पाटात उतरलं आणि आगरभर पसरलं.

शेवटी मी बटण बंद केलं. पत्रा थांबला. तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते. पलीकडच्या घरातून दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं, दोघी एकदम बोलत होत्या, आणि कपात चमचा ढवळल्याचा आवाज. मी हत्यारं पिशवीत भरली आणि कठड्यावर बसून राहिलो. हात वर करायला कोणी आलं नाही.